‘फॉल थ्रू’ : ठरलेले फिसकटते तेव्हा

इंग्रजी वृत्तपत्रांच्या उद्योग, क्रीडा आणि परराष्ट्र व्यवहारांच्या पानांवर ‘द डील फेल थ्रू’ हे वाक्य वारंवार भेटते. अर्थ सोपा वाटतो : सौदा फिसकटला. तरीही हे क्रियापद वापरताना मराठी माणूस हमखास अडखळतो, आणि त्याचे पहिले कारण आपल्या लिपीत दडलेले आहे. ‘फॉल’चा भूतकाळ देवनागरीत ‘फेल’ असाच लिहावा लागतो. आणि परीक्षेत नापास होणे या अर्थाचा, मराठीत केव्हाच मुरलेला इंग्रजी शब्दही आपण ‘फेल’ असाच लिहितो. कानाला दोन्ही जवळपास सारखे. त्यामुळे सौदा ‘फेल’ झाला म्हणजे तो नापासच झाला, असा समज होतो आणि ‘द डील फेल्ड थ्रू’ असे, इंग्रजीत अस्तित्वातच नसलेले, रूप अर्जांतून व ई-मेलमधून डोकावू लागते.

दोन्ही शब्दांचे कूळ निराळे आहे. ‘फॉल’ म्हणजे पडणे. हा शब्द इंग्रजीचा मूळचा, जर्मानिक घराण्यातला. अपयशाचा ‘फेल’ फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी फसवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. (मराठीतही फसवले गेलेला माणूस ‘फसतो’ आणि न जमलेला बेतही ‘फसतो’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली, एवढेच.) गोंधळ टाळण्यासाठी या लेखापुरते ‘पडला’ या अर्थी ‘फेल’ आणि ‘अपयशी होणे’ या अर्थी ‘फेइल’ असे लिहू. रूपे अशी : वर्तमानकाळी फॉल थ्रू, भूतकाळी फेल थ्रू आणि ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ यांच्याबरोबर फॉलन थ्रू.

अर्थाचा गाभा असा की, एखादी गोष्ट ठरली किंवा ठरण्याच्या बेतात आली आणि प्रत्यक्षात उतरलीच नाही. आधी काहीतरी ठरलेले असणे ही पूर्वअट आहे. सहलीचा बेत, घराचा व्यवहार, कंपन्यांचे विलीनीकरण, कर्जाची मंजुरी, खेळाडूची एका संघातून दुसऱ्या संघात होणारी रवानगी या साऱ्या गोष्टी ‘फॉल थ्रू’ होऊ शकतात. जी गोष्ट सुरू झाली, चालली आणि मग बुडाली, तिला हे क्रियापद लागत नाही. दुकान दोन वर्षे चालून बंद पडले तर ते ‘फेइल’ झाले. दुकानासाठी गाळा घ्यायचा ठरला होता आणि मालकाने ऐन वेळी नकार दिला, तर गाळ्याचा व्यवहार ‘फेल थ्रू’. परीक्षा, यंत्र, औषध, सरकार यांना हे क्रियापद चालत नाही. माणसालाही नाही, ‘ही फेल थ्रू’ एवढेच म्हटले तर ऐकणारा विचारेल, कशातून पडला?

नेमके उदाहरण फुटबॉलमधले आहे. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड डे हेआ स्पेनच्या रेआल माद्रिदकडे जाणार हे ठरले होते आणि त्या बदल्यात केलोर नव्हास मँचेस्टरला येणार होता. स्पेनमधील नोंदणीची मुदत त्या मध्यरात्री संपत होती. आवश्यक कागदपत्रे मुदत उलटल्यावर काही मिनिटांनी पोहोचली आणि सारा व्यवहार तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी दोन्ही क्लबांनी निवेदने काढून एकमेकांकडे बोट दाखवले. इंग्रजी वृत्तपत्रांना मात्र शब्द शोधावा लागला नाही. ‘द ट्रान्सफर फेल थ्रू’ म्हटले की वस्तुस्थिती सांगून होते आणि कोणाची बाजूही घ्यावी लागत नाही. डे हेआने त्याच सप्टेंबरात मँचेस्टरशीच नवा करार केला आणि तो २०२३ पर्यंत तिथेच खेळला.

या क्रियापदाची खरी शक्ती, आणि खरी लबाडीही, इथेच आहे. त्याला कर्ता म्हणून फक्त बेत किंवा सौदा लागतो. तो कोणी मोडला हे सांगण्याची जागाच वाक्यात नसते. ‘वुई फेइल्ड टु डिलिव्हर’ म्हणजे आम्ही माल पोहोचवू शकलो नाही, ही कबुली झाली. ‘द ऑर्डर फेल थ्रू’ म्हणजे मागणी बारगळली; कशाने, ते वाचणाऱ्याने विचारावे. नोकरीच्या मुलाखतीत आधीची संधी का हुकली असे विचारल्यावर ‘दॅट ऑफर फेल थ्रू’ हे सभ्य उत्तर ठरते, कारण त्यात आधीच्या कंपनीविषयी तक्रार नाही आणि स्वतःविषयी कमीपणाही नाही. पण हेच वाक्य एखाद्या कंपनीच्या निवेदनात आले, तर वाचकाने तिथे थांबलेच पाहिजे. चांगला वार्ताहर पुढचे शब्द शोधतो : ‘फेल थ्रू ओव्हर प्राइस’ म्हणजे किमतीवरून फिसकटला, ‘फेल थ्रू आफ्टर द बँक विथड्रू’ म्हणजे बँकेने माघार घेतल्यावर. असे ‘ओव्हर’, ‘आफ्टर’ किंवा ‘बिकॉज’ पुढे नसेल, तर बातमी अर्धीच आहे असे समजावे.

आता ‘थ्रू’कडे वळू, कारण खरे कोडे तिथे आहे. इंग्रजीत ‘थ्रू’ हे अव्यय सहसा पार पडण्याचे, तडीस जाण्याचे आहे. ‘गो थ्रू’ म्हणजे मंजूर होऊन पार पडणे, ‘पुल थ्रू’ म्हणजे दुखण्यातून तगणे, ‘सी थ्रू’ म्हणजे हाती घेतलेले शेवटास नेणे, ‘फॉलो थ्रू’ म्हणजे बोलल्याप्रमाणे पाठपुरावा करणे. हे सारे यशाचे शब्द. मग ‘फॉल’शी जोडल्यावर ‘थ्रू’ने पक्ष का बदलावा? त्याचे उत्तर चित्रात आहे. पायाखालची फळी किंवा गोठलेल्या तळ्यावरचा बर्फाचा थर आपले वजन पेलत नाही आणि आपण त्यातून आरपार खाली जातो. ‘थ्रू’चा अर्थ इथेही आरपारच आहे, फक्त दिशा खालची. जे आधार देईल असे वाटले होते त्याने आधार दिला नाही. म्हणून ‘द डील वेंट थ्रू’ आणि ‘द डील फेल थ्रू’ ही दोन वाक्ये एका क्रियापदाच्या फरकाने एकमेकांच्या थेट विरुद्ध जातात. घाईत बातमी वाचणाऱ्याची इथे गफलत होऊ शकते.

परभाषकांना अशा जोडक्रियापदांचा त्रास होतो, हे इंग्रजांना आज कळलेले नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध शब्दकोश सिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने याची दखल घेतली. क्रियापदामागे एखादे छोटे अव्यय जोडून अर्थ पार बदलण्याची खोड इंग्रजीत इतर भाषांपेक्षा बहुधा अधिक आहे आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण तिचीच होते, असे त्याचे म्हणणे. उदाहरणांत ‘फॉल’चीही जोडरूपे त्याने दिली होती. या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील स्वरूपात रूढ झाले ते बऱ्याच नंतर, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी हे नाव सुचविल्याचे स्मिथ यांनी त्यात नमूद केले आहे.

व्याकरणाच्या चार गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे. हे क्रियापद अकर्मक आहे. त्याला कर्म लागत नाही. ‘दे फेल थ्रू द डील’ हे वाक्य चुकीचे, कारण त्याचा शब्दशः अर्थ ते सौद्यातून खाली पडले असा होईल. कर्म नाही म्हणून कर्मणी प्रयोगही नाही. ‘द प्लॅन वॉज फॉलन थ्रू’ असे कधीही लिहू नये. ‘फॉल’ आणि ‘थ्रू’ यांची ताटातूट करता येत नाही. ‘नियरली’ किंवा ‘ऑलमोस्ट’ हे शब्द आधी येतात : ‘द सेल नियरली फेल थ्रू’, म्हणजे विक्री मोडता मोडता वाचली. बोलताना आघात ‘थ्रू’वर पडतो. मात्र ‘थ्रू’पुढे नाम आले की प्रकरण बदलते. ‘ही फेल थ्रू द रूफ’ म्हणजे तो छपरातून खाली पडला. इथे शब्दशः पडणेच आहे, आणि छप्पर मजबूत नव्हते एवढाच दोष.

इंग्लंडमधील घरांचा बाजार

या क्रियापदाचे माहेरघर कोणते असे विचारले, तर इंग्लंडमधील घरखरेदीचा बाजार हेच उत्तर द्यावे लागेल. तिथला कायदाच या शब्दाला रोज काम पुरवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये खरेदीदाराने देऊ केलेली किंमत विक्रेत्याने मान्य केली तरी कोणीही बांधला जात नाही. जमीनजुमल्याच्या विक्रीचा करार लेखीच हवा, असे १९८९ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. दोन्ही बाजूंचे वकील सह्या झालेल्या प्रती एकमेकांना देतात, त्या क्षणापर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो आणि त्यासाठी सहसा दंड नसतो. त्या देवाणघेवाणीच्या वेळी किमतीच्या १० टक्के रक्कम ठेव म्हणून देण्याची प्रथा आहे. किंमत ठरणे आणि प्रतींची अदलाबदल यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात, कधी महिने. तपासणीत भिंतीत ओल सापडते, बँक कर्ज नाकारते, नोकरी जाते, मन बदलते.

त्यातून साखळीचा प्रकार. अ हा ब चे घर घेणार, ब त्या पैशांतून क चे घर घेणार, क आणखी कोणाचे. सर्वांत खालच्या अ ला कर्ज मिळाले नाही, की वरचे सारे व्यवहार एकामागून एक ‘फॉल थ्रू’ होतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी काहीही चूक केलेली नसते. तपासणीवर आणि वकिलावर खर्च झालेला पैसा मात्र परत येत नाही. घरांच्या दलालांना हा अनुभव इतका नित्याचा की त्यांनी क्रियापदाचे नाम करून टाकले. मोडलेल्या व्यवहाराला ते ‘फॉल-थ्रू’ म्हणतात आणि अशा व्यवहारांची टक्केवारीही काढतात. किंमत पक्की झाल्यावर विक्रेत्याने दुसऱ्याकडून जास्त रक्कम स्वीकारली तर त्याला ‘गॅझम्पिंग’ असा खास शब्द आहे. उलट खरेदीदाराने शेवटच्या क्षणी भाव पाडून मागितला तर ‘गॅझंडरिंग’. हे दोन्ही शब्द दोषी कोण ते सांगतात. ‘फॉल थ्रू’ ते सांगत नाही, म्हणूनच दलालाच्या तोंडी तो अधिक.

स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या पत्रव्यवहारानेच करार पक्का होतो आणि बंधन सहसा लवकर येते. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, व्यवहाराची रक्कम त्रयस्थाकडे ठेवण्याची ‘एस्क्रो’ पद्धत असल्यामुळे मोडलेले घर ‘फेल आउट ऑफ एस्क्रो’ असे म्हटले जाते. आपल्याकडे विसारपावती झाली की व्यवहाराला वजन येते, अशी समजूत आहे. लंडनमध्ये घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाने तोंडी होकार म्हणजे विसार समजू नये, एवढे या शब्दाच्या अभ्यासातून हाती लागले तरी पुष्कळ.

शेजारचे शब्द

‘फॉल थ्रू’च्या आजूबाजूला चार-पाच क्रियापदे राहतात आणि बातमीत त्यांची अदलाबदल झाली तर दोष भलत्याच्या माथी बसतो. ‘कॉल ऑफ’ म्हणजे कोणीतरी ठरवून रद्द करणे. ‘पुल आउट’ म्हणजे एका पक्षाने अंग काढून घेणे. ‘बॅक आउट’ म्हणजे शब्द देऊन माघार, यात नाराजीची छटा आहे. ‘ब्रेक ऑफ’ म्हणजे बोलणी मुद्दाम तोडणे, तर ‘ब्रेक डाउन’ म्हणजे ती आपसूक तुटणे.

भारत-पाकिस्तान संबंधांत या साऱ्यांची उदाहरणे सापडतात. जुलै २००१ मध्ये आग्रा येथे अटलबिहारी वाजपेयी आणि परवेझ मुशर्रफ यांची शिखर परिषद झाली. ती झाली, त्यामुळे परिषद ‘फेल थ्रू’ म्हणणे चूक. संयुक्त निवेदन निघणार अशी अपेक्षा होती आणि ते निघाले नाही. ‘फेल थ्रू’ झाले ते निवेदन. ऑगस्ट २०१४ मध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांनी हुरियत नेत्यांची भेट घेतल्यानंतर भारताने परराष्ट्र सचिवांची इस्लामाबादमधील नियोजित बैठक रद्द केली. तिथे ‘कॉल्ड ऑफ’ हाच शब्द प्रामाणिक, कारण निर्णय भारताचा होता आणि भारताने तो जाहीरपणे घेतला होता.

उद्योगजगतातही तसेच. भारती एअरटेल आणि दक्षिण आफ्रिकेची एमटीएन यांची बोलणी २००८ मध्ये एकदा फिसकटली. २००९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची संमती न मिळाल्याने ३० सप्टेंबरला पुन्हा संपली. दोन्ही कंपन्यांची इच्छा होती, अडथळा बाहेरचा होता. ‘फेल थ्रू’ इथे चपखल बसतो. झी आणि सोनी यांच्या सुमारे १० अब्ज डॉलरच्या विलीनीकरणाचे तसे नाही. २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार संपविल्याची नोटीस दिली. शीर्षकात ‘फेल थ्रू’ लिहिले तर चूक म्हणता येणार नाही, पण नोटीस कोणी दिली हा बातमीचा कणाच त्यात हरवतो.

महाराष्ट्राच्या आठवणीतले प्रकरण म्हणजे वेदांत-फॉक्सकॉन. सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे १.५४ लाख कोटी रुपयांचा हा अर्धवाहक प्रकल्प गुजरातेत जाणार हे जाहीर झाले आणि तळेगावचे काय झाले यावरून राज्यात वादळ उठले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने या संयुक्त प्रकल्पातून अंग काढून घेतले. एकाच प्रकरणात तीन शब्द बसतात : महाराष्ट्राच्या दृष्टीने तळेगावचा बेत ‘फेल थ्रू’, फॉक्सकॉन ‘पुल्ड आउट’, आणि त्यामुळे अखेर वेदांत-फॉक्सकॉन भागीदारीच ‘फेल थ्रू’.

मराठीत काय म्हणावे?

वृत्तसंस्थांच्या मजकुराचे भाषांतर करताना ‘करार कोसळला’ असे लिहिलेले अधूनमधून दिसते. पूल कोसळतो, सरकार कोसळते, शेअर बाजारही कोसळतो. करार कोसळत नाही. उभा राहिलेला डोलाराच कोसळू शकतो आणि ‘फॉल थ्रू’मध्ये काही उभे राहिलेलेच नसते. याला मराठीत दोन उत्तम शब्द आहेत. बेत, प्रस्ताव, योजना बारगळते. बोलणी, सोयरीक, व्यवहार फिसकटतो. दोन्ही क्रियापदे ‘फॉल थ्रू’सारखीच अकर्मक आहेत आणि दोष कोणाचा यावर तितकीच गप्प बसतात. दोहोंत सूक्ष्म फरक आहे. बारगळण्यात मंदपणा आहे, पाठपुरावा न झाल्याने गोष्ट मागे पडत गेल्याचा भास आहे. फिसकटण्यात समोरासमोर बसलेली माणसे आहेत आणि शेवटच्या घटकेला बिघडलेला सूर आहे. धरणाचा आराखडा बारगळतो, जागावाटपाची चर्चा फिसकटते.

‘मोडणे’ हा शब्द जपून वापरावा. ‘करार मोडला’ म्हणजे करार झालाच नाही की झालेल्या कराराचा कोणी भंग केला? दोन्ही अर्थ निघतात, आणि न्यायालयात या दोहोंत आकाशपाताळाचा फरक आहे. ‘लग्न मोडले’चेही तेच. ठरलेले लग्न मोडणे आणि झालेला संसार मोडणे यांना मराठी एकच क्रियापद देते. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘फेल थ्रू’ किंवा ‘वॉज कॉल्ड ऑफ’, दुसऱ्यासाठी ‘ब्रोक डाउन’ किंवा ‘ब्रोक अप’. स्थळासाठी इंग्रजीत ‘मॅच’ हा शब्द आहे, पण ‘द मॅच फेल थ्रू’ असे लिहिले तर आजचा वाचक पावसाचे कारण शोधू लागेल.

‘फसला’ हा शब्दही पूर्ण जुळत नाही, कारण प्रयोग करून पाहिल्यावरही फसतो. तिथे ‘फेइल’ हवा. ‘हाणून पाडला’ म्हटले की हाणणारा आलाच. ‘घोडे अडले’ म्हणजे काम खोळंबले, संपले नाही. ‘माशी शिंकली’ ही अडचणीची सुरुवात झाली. आणि अनेक खोळंब्यांनंतर काम एकदाचे तडीस गेले तर मराठी माणूस गंगेत घोडे न्हाले म्हणतो. ‘इट फायनली वेंट थ्रू’ला याहून चांगले मराठी रूप मिळणे कठीण.

‘फॉल’च्या इतर अपयशी भावंडांची ओळख थोडक्यात. ‘फॉल शॉर्ट’ म्हणजे लक्ष्यापेक्षा कमी पडणे. धावा, मते, निधी यांना लागते. ‘फॉल फ्लॅट’ म्हणजे विनोद किंवा भाषण करूनही श्रोत्यांवर परिणाम न होणे. ‘फॉल बिहाइंड’ म्हणजे हप्त्यांत किंवा अभ्यासात मागे पडणे. ‘फॉल अपार्ट’ म्हणजे आधी एकसंध असलेले विस्कटणे. आघाडी सत्तेवर येऊन फुटली तर ‘फेल अपार्ट’, आघाडीची बोलणीच पूर्ण झाली नाहीत तर ‘फेल थ्रू’. निवडणुकीच्या काळात ही शेवटची जोडी विशेष उपयोगी पडते.

एक चकवा राहिला. ‘फॉल थ्रू द क्रॅक्स’ हा अमेरिकेत रूढ असलेला वाक्प्रचार आपल्या क्रियापदाचा चुलतभाऊ दिसतो, पण त्याचा अर्थ निराळा आहे. यंत्रणेच्या फटींतून निसटून दुर्लक्षित राहणे, असा तो. तो माणसांना लागतो : कोणत्याच यादीत नाव नसलेला रुग्ण, शाळा सुटलेले मूल, दोन खात्यांच्या हद्दीवर राहणारा पेन्शनर. ब्रिटिश लोक त्याच अर्थाने ‘स्लिप थ्रू द नेट’ म्हणतात. मराठीत आपण अशा माणसाविषयी ‘तो वाऱ्यावर सुटला’ म्हणतो. तेव्हा ‘द पेशंट फेल थ्रू द क्रॅक्स’ हे वाक्य समोर आले, तर रुग्णाचा व्यवहार फिसकटला असे भाषांतर करू नये.